"अकिरा" आणि सहज पाहणारा प्रेक्षक

हातानें काढलेल्या चित्रांचा बोलपट म्हटला कीं तो बालकांच्याच करमणुकीचा असावयाचा, असा पुष्कळांचा ग्रह असतो. हा ग्रह बाळगून जो कोणी कात्सुहिरो ओतोमो यांचा "अकिरा" हा जपानी बोलपट सहज म्हणून पाहावयास बसेल, त्याला पहिल्याच दृश्यांत धक्का बसतो. पडद्यावर १६ जुलै १९८८ ही तारीख उमटते, आणि शुभ्र प्रकाशाचा एक विराट घुमट टोकियो शहर गिळून टाकतो. जपानांत हा बोलपट प्रथम दाखविला गेला तो याच तारखेस!

पुढील कथा २०१९ सालच्या, नव्यानें उभारलेल्या टोकियोंत घडते. मोटारसायकलींवरून झुंडीनें हिंडणारे उनाड तरुण, रस्त्यांवरील दंगली, लष्कराचे गुप्त प्रयोग, आणि त्या प्रयोगांत सांपडून अचाट शक्ति लाभलेला तेत्सुओ. रक्तपात इतका, कीं नवखा प्रेक्षक भांबावून जातो. कथेचे धागेहि त्याच्या हातीं लागत नाहींत. यांत त्याचा दोष नाहीं. ओतोमो यांची मूळ चित्रकथा १९८२ पासून क्रमशः प्रसिद्ध होत होती व ती संपली १९९० मध्यें. पुढें दोन हजारांहून अधिक पृष्ठांची झालेली ही कथा अपुरी असतांनाच सुमारें दोन तासांत बसविली गेली. ज्याच्या नांवाचा बोलपट, तो अकिरा बहुतेक वेळ पडद्याबाहेरच राहतो.

राहिली हिंसा. कॅमेऱ्यासमोर काच फोडली म्हणजे तुकडे आपोआप उडतात; येथें प्रत्येक तुकडा कोणीतरी बसून काढलेला आहे. दीड लाखांहून अधिक पारदर्शक ताव, ३२७ रंगछटा, त्यांतील ५० या बोलपटासाठींच मुद्दाम बनविलेल्या! संवादहि आधीं ध्वनिमुद्रित करून मग ओठांच्या हालचाली काढल्या. जपानांतील नेहमींचा क्रम याच्या उलट. इतक्या कष्टानें रंगविलेला संहार निव्वळ चवीसाठीं असेल काय? कांहीं ठिकाणीं तसा तो आहे, हें कबूल केलें पाहिजे. टोळ्यांच्या मारामारींत चित्रकारांचें मन आपल्या कौशल्यांतच रमलेलें दिसतें. परंतु शहराच्या नाशाची गोष्ट निराळी. १९४५ च्या मार्चमध्यें बाँबवर्षावाच्या एका रात्रींत टोकियोंतील सुमारें एक लाख माणसें मेलीं. ऑगस्टमध्यें हिरोशिमा व नागासाकी. ओतोमो जन्मले १९५४ मध्यें. त्यांच्या पिढीच्या वांट्यास आलें तें राखेवर पुन्हा उभें राहिलेलें टोकियो.

शेवटीं तेत्सुओचें शरीर त्याच्या ताब्यांतून सुटून फुगत जातें, आणि त्याच्यावर जीव लावणारी कावोरी त्या मांसांत चिरडली जाते. हें दृश्य मुलांना दाखवूं नयेच. पण सहज पाहावयास बसलेला प्रेक्षकहि येथें मान फिरवीत नाहीं; कारण तिची वेदना तेत्सुओ स्वतःच्या अंगांत भोगीत असतो, आणि तिला सोडविणें त्याला शक्य होत नाहीं.