मानसिक ताण आणि शरीरस्वास्थ्य

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून बदलापूर स्थानक सुमारे ६८ किलोमीटरवर आहे. तेथून दक्षिण मुंबईत नोकरीस जाणाऱ्यांचे जाण्यायेण्यातच रोज तीन तासांच्या आसपास खर्ची पडतात. या प्रवासाने माणूस थकतो, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु थकवा आणि ताण या भिन्न गोष्टी होत. थकवा पुरेशा झोपेने जातो. ताण वाढला म्हणजे झोपच उणावते.

ताण ही मुळात शरीराची संरक्षक व्यवस्था आहे. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान अडकली आणि हजारावर प्रवाशांची सुटका करावी लागली. अशा प्रसंगी मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथींतून ॲड्रेनलिन रक्तात मिसळते. हृदय जलद चालते, रक्तदाब चढतो, यकृतातील साखर रक्तात उतरते, पचन मंदावते. पाठोपाठ येणारे कॉर्टिसॉल हे संप्रेरक ही सज्जता टिकवून धरते. संकट टळले की सारे पूर्ववत व्हावे, अशी निसर्गाची योजना आहे. मात्र ताण दीर्घकाळ टिकला तर शरीराची प्रतिकारशक्तीच खचते, हे हॅन्स सेल्ये यांनी १९३६ पासून प्रयोगांनी दाखवून दिले.

पूर ओसरतो. उशिरा येणारी लोकल, हजेरीची वेळ, पाळणाघरात वाट पाहणारे मूल व घराचा हप्ता ही काळजी मात्र रोजची आहे. शरीर दोहोंत फारसा भेद करीत नाही. उच्च रक्तदाब, डोकेदुखी, आम्लपित्त, चिडचिड, मधुमेह आटोक्यात न राहणे, ही त्याची फळे होत. तंबाखू व मद्य यांनी क्षणभर बरे वाटते आणि दुखणे दुणावते.

ताण हा मोठ्या साहेबांचा आजार, अशी एक समजूत कचेऱ्यांतून आढळते. लंडनमधील सरकारी नोकरांच्या १९६७ साली सुरू झालेल्या पाहणीत नेमके उलट दिसले. हृदयविकाराने होणारे मृत्यू खालच्या श्रेणीत अधिक होते आणि धूम्रपानादी कारणांनी त्याचा पुरता उलगडा होत नव्हता. आपल्या कामावर आपला ताबा नसणे, हे एक महत्त्वाचे कारण पुढील अभ्यासात आढळले. उल्हासनगरच्या शिलाई कारखान्यात नगावर मजुरी घेणारा कारागीर किंवा अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत पाळ्या बदलत राबणारा कामगार यांना हे निराळे सांगावयास नको.

म्हणूनच केवळ योगासने करा, असे सांगून भागत नाही. नियमित व्यायाम व झोप यांचा उपयोग निश्चित आहे. पण पाळीचे वेळापत्रक आधी कळणे, हजेरीच्या वेळेत थोडी सवलत असणे, हेही आरोग्याचेच उपाय आहेत आणि ते अधिकाऱ्यांच्या हाती आहेत. गावात आरोग्य शिबिर भरवताना रक्तदाब तपासणीबरोबर झोपेची विचारपूस करणे पंचायत सदस्यांना अवघड नाही. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप नसेल, मन उदास असेल, तर वैद्यकीय सल्ला घ्यावा. मानसिक आरोग्यसेवा मिळणे हा २०१७ च्या कायद्याने प्रत्येकाचा हक्क आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य व मराठीतून बोलता येते.