बास मोनोच का?

‘८० हर्ट्‌झच्या खालचा आवाज कुठून येतो हे कानाला कळतच नाही, म्हणून बास मोनो ठेवायचा.’ इलेक्ट्रॉनिक संगीत करायला बसलेल्या नवख्याला हे कुणी ना कुणी ऐकवतंच. सल्ला बहुतेकदा योग्य असतो. त्यामागचं कारण मात्र चुकीचं सांगितलं जातं.

खालच्या स्वरांची दिशा कान ओळखतो, आणि ती दोन कानांपर्यंत लहर पोचण्यातल्या फरकावरून ओळखतो, हे लॉर्ड रॅले यांनी १९०७ सालीच मांडलं होतं. हा फरक फार तर ०.६५ मिलीसेकंदाच्या आसपास. हेडफोनवर तो खालच्या स्वरांतही जाणवतो. घोळ घालते ती खोली. ५० हर्ट्‌झची लहर जवळजवळ ७ मीटर लांब. तिचं एक आवर्तन पुरं व्हायच्या आतच भिंतींवरून परतलेला आवाज मूळ आवाजात मिसळतो आणि दिशेचा माग पुसला जातो.

दुसरं कारण रेकॉर्डचं सांगतात. ते खरं आहे, पण रेकॉर्डपुरतंच. स्टिरिओ रेकॉर्डच्या खाचेत डाव्या-उजव्यातला समान आवाज सुईला आडवा हलवतो आणि दोहोंतला फरक वर-खाली. बासमध्ये हा फरक मोठा झाला, की खाच उथळ होते आणि सुई उडते. म्हणून रेकॉर्ड कापणारे इंजिनिअर बास मध्यभागी ओढतात. डिजिटल फाइलला खाच नाही, सुईही नाही.

मग अडतं कुठे? फेजपाशी. बास ‘रुंद’ करण्याचा सोपा उपाय म्हणून अनेकजण उजवी बाजू १० मिलीसेकंदांनी मागे ठेवतात. हेडफोनवर छाती भरून येते. पण ५० हर्ट्‌झचं एक आवर्तन २० मिलीसेकंदांचं असतं, त्यामुळे १० मिलीसेकंदांत ती लहर बरोबर उलटी होते. दोन्ही बाजू मोनोत एकत्र आल्या की ५० हर्ट्‌झ थेट नाहीसा! बऱ्याच क्लबांत सबला, म्हणजे फक्त बास वाजवणाऱ्या सबवूफर स्पीकरला, मोनोच सिग्नल जातो. म्हणजे ज्या स्पीकरसाठी एवढा खटाटोप केला, नेमका तोच गप्प बसतो.

बास एका बाजूला ठेवणं ही निराळी गोष्ट. बीटल्सच्या १९६६च्या ‘टॅक्समन’च्या स्टिरिओ मिक्समध्ये ड्रम आणि बास एकाच बाजूला आहेत; मोनो केल्यावर ते कुठे पळून जात नाहीत, कारण त्यांना खोडणारी उलटी लहर दुसऱ्या बाजूला नाही. पॅनिंग आणि फेज एकाच पिशवीत कोंबले की सगळाच स्टिरिओ बास उगाच बदनाम होतो.

रुंदी हवीच असेल तर ती कुठे ठेवायची, हे ड्रम अँड बेसवाल्यांकडून शिकावं. डेट्रॉइटच्या केव्हिन सॉन्डरसन यांनी ‘रीज’ या नावाने १९८८ साली ‘जस्ट वाँट अनदर चान्स’ काढलं. त्यातला घोंघावणारा बास पुढे लंडनच्या जंगल आणि ड्रम अँड बेसमध्ये ‘रीज बास’ म्हणून रुजला. किंचित वेगळ्या सुरांतल्या लहरी एकमेकींवर घासल्या जातात, त्यातून ती घरघर निघते. आता समजा, डावीकडे ५० हर्ट्‌झ आणि उजवीकडे ५०.५ ठेवले, तर मोनोत दर २ सेकंदांनी बास क्षणभर बुडतो. म्हणून जाणकार निर्माते तळाला एक साधा, मोनो सब-बास ठेवतात आणि घरघरीतला खालचा भाग कापून वरचा भागच पसरवतात. मोबाइलच्या स्पीकरवर ५० हर्ट्‌झ जवळजवळ नसतोच. तिथे याच वरच्या हार्मोनिक्सवरून कान मूळ स्वर ताडतो.

एवढं करूनही बास सगळ्यांना सारखा ऐकू येईलच असं नाही. रंगमंचाच्या दोन्ही टोकांना सब असतील आणि श्रोत्याला एक सब दुसऱ्यापेक्षा साधारण साडेतीन मीटर जवळ असेल, तर पूर्ण मोनो असलेला ५० हर्ट्‌झही तिथे खोडला जातो आणि मधोमध उभ्या असलेल्यांवर मात्र धो धो कोसळतो. म्हणून अनेक मोठ्या कार्यक्रमांत सब दोन ढिगांत न रचता रंगमंचासमोर एका रांगेत मांडतात.