जवळच्या लक्ष्यावर दुर्बीण का चुकते?

दहा मीटरच्या नेमबाजीत साईट निवडताना आधी नियम पाहावा, मग किंमत

पेण/रोहा - प्रतिनिधी

नेमबाजीचे चित्रपटांनी रुजवलेले चित्र ठरलेले आहे. लांब नळीची रायफल, तिच्यावर चढवलेली काळी दुर्बीण आणि दुर्बिणीत दिसणारी बारीक फुली. शाळेच्या नेमबाजी स्पर्धेत उतरू पाहणाऱ्या मुलाला रायफल घेऊन द्यायची म्हटले की पेण-रोह्यातील पालकाचा हातही साहजिकच दुर्बीण लावलेल्या एअर रायफलीकडे जातो. जितकी मोठी दुर्बीण तितका अचूक नेम, असा साधा हिशेब त्यामागे असतो. शालेय स्पर्धेच्या दहा मीटरच्या रेंजवर मात्र ही दुर्बीण दोनदा अपयशी ठरते. एक तर नियम तिला परवानगी देत नाही. आणि दुसरे म्हणजे, इतक्या जवळच्या लक्ष्यासाठी ती मुळात बनवलेलीच नसते.

रायगड जिल्ह्याला नेमबाजी परकी नाही. सुमा शिरूर यांनी २००४ मध्ये आशियाई अजिंक्यपद स्पर्धेच्या पात्रता फेरीत १० मीटर एअर रायफलमध्ये ४०० पैकी ४०० गुण मिळवून विश्वविक्रमाशी बरोबरी केली आणि त्याच वर्षी अथेन्स ऑलिम्पिकची अंतिम फेरी गाठली. त्यांनी २००६ मध्ये पनवेलच्या कर्नाळा स्पोर्ट्‌स अकादमीत लक्ष्य शूटिंग क्लब सुरू केला. पेणहून महामार्गाने आणि रोह्याहून रेल्वेनेही पनवेल गाठता येते. टोकियो (२०२१) आणि पॅरिस (२०२४) अशा दोन्ही पॅरालिम्पिकमध्ये १० मीटर एअर रायफलचे सुवर्णपदक पटकावणारी अवनी लेखरा ही शिरूर यांचीच शिष्या. यांपैकी एकही गुण दुर्बिणीतून पाहून मिळालेला नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये ४५१.४ गुणांसह मिळवलेले कांस्यपदकही दुर्बिणीविनाच होते.

तीन ठिकाणी घसरगुंडी

दुर्बीण जवळच्या अंतरावर का फसते, याची कारणे तीन आहेत आणि तिन्ही भूमितीची आहेत.

पहिले कारण दृष्टिक्षेत्राचे. दहापट मोठे दाखवणाऱ्या दुर्बिणीतून शंभर मीटरवर साधारण साडेतीन मीटर रुंदीचा पट्टा दिसतो. दहा मीटरवर हाच पट्टा जेमतेम पस्तीस सेंटिमीटरचा उरतो. लक्ष्य स्थिर असेल तर ते शोधताना थोडा वेळ जाईल, इतकेच. पण ते हलते असेल किंवा एकामागून एक अनेक लक्ष्ये टिपायची असतील, तर नेमबाज दुर्बिणीत नुसताच चाचपडत राहतो. शिवाय हाताचा प्रत्येक कंपही दहापट होऊन दिसतो आणि नवशिका भांबावतो.

दुसरे कारण उंचीचे, आणि ते सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. दुर्बीण नळीच्या वर बसवलेली असते. नळीचा मध्य आणि दुर्बिणीचा मध्य यांत चार सेंटिमीटरचे अंतर आहे असे धरू. वेगवान गोळीची रायफल ५० मीटरवर नेमकी जुळवली, तर दृष्टीची रेषा आणि गोळीचा मार्ग ५० मीटरवर एकत्र येतात. त्याआधी गोळी दृष्टिरेषेच्या खालीच असते. दहा मीटरवर ती फुलीच्या जवळपास तीन सेंटिमीटर खाली लागते. ही तूट क्षुल्लक वाटेल. पण १० मीटर एअर रायफलच्या लक्ष्याचा संपूर्ण व्यासच ४५.५ मिलीमीटर आहे. म्हणजे मध्यापासून काठापर्यंत सव्वादोन सेंटिमीटरांहून थोडे अधिक. फुली अगदी मध्यावर ठेवूनही गोळी लक्ष्याच्या बाहेर! काही आधुनिक रायफलींवर दुर्बीण साडेसहा सेंटिमीटर उंच बसते. तेथे हा फरक पाच सेंटिमीटरपर्यंत जातो.

तिसरे कारण पॅरॅलॅक्सचे, म्हणजे डोळा जरा सरकला की फुलीही लक्ष्यावरून सरकल्यासारखी दिसण्याचे. घड्याळाचा काटा समोरून आणि बाजूने पाहिला तर वेळ वेगळी वाटते, तसाच हा प्रकार. मोठ्या रायफलींच्या साध्या दुर्बिणी साधारण शंभर यार्डांसाठी, म्हणजे ९१ मीटरसाठी जुळवलेल्या असतात. चाळीस मिलीमीटर भिंगाची अशी दुर्बीण दहा मीटरवर वापरली, तर कागदावरच्या गणिताने डोळ्याच्या जागेमुळे होणारी चूक जास्तीत जास्त १८ मिलीमीटरपर्यंत जाऊ शकते. एअर रायफलच्या लक्ष्यावर एका वर्तुळापासून दुसरे वर्तुळ अडीच मिलीमीटरवर असते. म्हणजे केवळ गाल कुंद्यावर चुकीच्या जागी टेकल्याने सात गुण जाऊ शकतात. एअर रायफलीसाठी बनवलेल्या चांगल्या दुर्बिणींना नऊ-दहा मीटरपर्यंत फोकस करण्याची सोय असते, पण त्या महाग पडतात.

इतर स्पर्धांनी काढलेल्या वाटा

दुर्बीण चालते अशाही स्पर्धा जगात आहेत आणि जवळच्या लक्ष्याची अडचण तेथेही आहेच. अमेरिकेत लोकप्रिय असलेल्या ‘थ्री-गन’ प्रकारात एकाच फेरीत काही लक्ष्ये पाच-दहा मीटरवर, तर काही दोनशे मीटरपलीकडे असू शकतात. अशा वेळी नेमबाजापुढे चार पर्याय असतात.

सर्वांत स्वस्त पर्याय म्हणजे हिशेब पाठ करणे. अमुक अंतरावर गोळी इतकी खाली जाते हे सरावाने जाणून फुली तेवढी वर धरायची. दुसरा पर्याय तिरक्या साईटचा. रायफलीच्या बाजूला ४५ अंशांत एक छोटी उघडी साईट बसवतात. जवळचे लक्ष्य आले की रायफल मनगटातून किंचित फिरवायची आणि तिच्यातून पाहायचे. तिला वजन जवळजवळ नाही, बॅटरी लागत नाही आणि काचेवर धूळ बसण्याचा प्रश्न नाही. तिसरा पर्याय त्याच जागी किंवा दुर्बिणीच्या डोक्यावर छोटा ‘रेड डॉट’ लावण्याचा. त्यात लाल ठिपका दिसतो, दोन्ही डोळे उघडे ठेवता येतात आणि वेग वाढतो. मात्र दुर्बिणीच्या डोक्यावर लावला की उंचीचा फरक आणखी वाढतो. ठिपक्याची जाडीही विसरून चालत नाही. तीन मिनिटांच्या कोनाचा ठिपका दहा मीटरवर सुमारे नऊ मिलीमीटर जागा व्यापतो. ताटाएवढ्या लोखंडी पट्टीसाठी ते ठीक, पण अर्ध्या मिलीमीटरच्या ‘दहा’साठी नव्हे.

चौथा पर्याय एकपटीपासून चारपट, सहापट किंवा आठपटीपर्यंत बदलता येणाऱ्या दुर्बिणीचा. जवळ असताना कडे फिरवून एकपटीवर आणायचे, लांब असताना वाढवायचे. एकाच साधनात दोन्ही कामे होतात. पण वजन आणि किंमत दोन्ही वाढतात आणि कडे फिरवायला विसरले की सगळेच मुसळ केरात. यांतला कोणता घ्यायचा हे शेवटी स्पर्धेच्या विभागावर ठरते. काही विभागांत एकच प्रकाशीय साधन चालते, तेव्हा जोडीला उघडी साईटच घ्यावी लागते. या स्पर्धांतील अर्धस्वयंचलित रायफलींवर भारतात शस्त्र नियमांनुसार कडक निर्बंध असल्याने रायगडच्या नेमबाजासाठी ही चर्चा बव्हंशी माहितीपुरतीच राहते.

एअर रायफलच्या दुनियेतही दुर्बिणीला दोन ठिकाणी मान आहे. ‘फील्ड टार्गेट’मध्ये सुमारे आठ ते पन्नास मीटरवरील लक्ष्ये पाडायची असतात. तेथे दुर्बिणीचे फोकस चक्र फिरवून अंतरच मोजले जाते. ‘रनिंग टार्गेट’मध्ये लक्ष्य दहा मीटरवर दोन मीटरच्या फटीतून पाच किंवा अडीच सेकंदांत सरकते. त्यात दुर्बीण चालते, पण चारपटीहून अधिक नाही. दृष्टिक्षेत्राचे जे गणित वर मांडले, ते लक्षात घेता मोठी दुर्बीण येथे कामाचीही नाही. १९९२ ते २००४ या काळात हा प्रकार ऑलिम्पिकमध्येही होता.

ओपन की पीप?

रायगडच्या शाळकरी नेमबाजापुढे खरी निवड वेगळीच असते. शालेय क्रीडा स्पर्धांमध्ये १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत ओपन साईट, पीप साईट आणि एअर पिस्तूल असे प्रकार असतात. त्यामुळे रायफल घेण्याआधीच मूल कोणत्या प्रकारात उतरणार, हे ठरवावे लागते.

ओपन साईट म्हणजे मागे खाच आणि पुढे नळीच्या टोकाला माशी. रायफल स्वस्त, हाताळणी सोपी. अडचण डोळ्याची. खाच, माशी आणि लक्ष्य या तीन गोष्टी तीन अंतरांवर असतात आणि डोळा एका वेळी एकावरच स्थिर होऊ शकतो. पेणमध्ये गणेशमूर्तींच्या डोळ्यांची आखणी करणाऱ्या कारागिराची नजर ब्रशच्या टोकावर असते, भोवतालच्या गर्दीवर नसते. नेमबाजाची नजरही तशीच माशीवर हवी. लक्ष्य किंचित धूसर दिसले तरी चालते. नवशिक्याला हे पटवायलाच सर्वाधिक वेळ लागतो.

पीप साईटमध्ये मागच्या खाचेची जागा बारीक छिद्र घेते आणि पुढे नळकांड्यात गोल कडे असते. साधारण एक मिलीमीटरचे हे छिद्र सूचिछिद्र कॅमेऱ्यासारखे काम करते. त्यातून जवळचे आणि लांबचे दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट दिसते. छिद्रात कडे, कड्यात काळे लक्ष्य, अशी एकात एक वर्तुळे रचायची. वर्तुळे एककेंद्री आहेत की नाहीत हे मानवी डोळा विलक्षण बारकाईने ओळखतो. दुर्बिणीची गरज भासत नाही ती यामुळेच. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार या प्रकारात भिंग किंवा भिंगांची रचना असलेली साईट चालत नाही.

दोन साईटमधील अंतरही महत्त्वाचे. ते ७० सेंटिमीटर असेल आणि पुढच्या साईटवर एक दशांश मिलीमीटरची चूक झाली, तर दहा मीटरवर छर्रा सुमारे १.४ मिलीमीटर बाजूला जातो. अंतर ४५ सेंटिमीटर असेल तर हीच चूक २.२ मिलीमीटरची, म्हणजे जवळजवळ एका वर्तुळाची होते. पुढचे कडे निवडताना लहान म्हणजे अचूक असे समजून अनेक जण फसतात. कडे घट्ट असले की लक्ष्य सारखे काठाला टेकते, नेमबाज कचरतो, श्वास संपतो आणि घोडा घाईने ओढला जातो. लक्ष्याभोवती पांढरी कडा स्वच्छ दिसेल इतके सैल कडे सुरुवातीला बरे. चष्मा असलेल्या मुलांनी आणखी एक गोष्ट पाहावी. मान कलती केली की नजर काचेच्या मध्यातून न जाता कोपऱ्यातून जाते आणि लक्ष्य लांबट दिसू लागते. दोष साईटचा नसतो.

दुकानात पाहायच्या गोष्टी

काही एअर रायफली केवळ दुर्बिणीसाठीच बनवलेल्या असतात. त्यांच्यावर मागची खाच नसते आणि पुढे माशीही नसते. अशी रायफल घेतल्यास दुर्बीण उतरवल्यावर नेम धरायला काहीच उरत नाही. मागे पीप साईट बसवण्यासाठी वर खाचा आहेत का आणि पुढे कड्याचे नळकांडे बसते का, हे दोन्ही दुकानातच पाहिलेले बरे. स्प्रिंगच्या रायफलीवर दुर्बीण लावायचीच असेल, तर तिचा धक्का आधी मागे आणि मग पुढे असा दुहेरी बसतो; मोठ्या रायफलीची महागडी दुर्बीणही त्याने खिळखिळी होऊ शकते.

.१७७ व्यासापर्यंतच्या आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेच्या एअर रायफलीला शस्त्र नियम, २०१६ नुसार परवाना लागत नाही. याचा अर्थ ती खेळणे आहे असा नव्हे. फणसाड आणि कर्नाळ्याच्या या जिल्ह्यात दुर्बिणीची एअर गन पाखरांवर रोखली जाण्याची भीती असते. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार संरक्षित पक्ष्यांची शिकार हा गुन्हा आहे, मग हत्याराला परवाना लागो वा न लागो.

दुर्बिणीची रायफल घरात आलेलीच असेल, तर ती एकदम टाकाऊ ठरत नाही. दुर्बीण काढून, खाच आणि माशी असल्यास त्यावर, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली दहा मीटरवर पाच-पाच छर्ऱ्यांचे गट मारून पाहावेत. छर्रे एका जागी पडत असतील, पण मध्यापासून दूर, तर साईट फिरवावी. ते सगळीकडे विखुरत असतील, तर स्क्रूला हात लावण्याआधी गाल, खांदा आणि श्वास तपासावा.