मापाची खुर्ची

मुलुंड, घाटकोपर, विलेपार्ले, बोरिवली या मुंबईच्या उपनगरांत पायी फिरलं की कुठे देवळाच्या मागच्या बाजूला, कुठे ज्येष्ठ नागरिक संघाच्या कार्यालयात, कुठे उपाश्रयाच्या शेजारी एक पाटी दिसते : 'रुग्णोपयोगी साहित्य मिळेल'. आत वॉकर, कुबड्या, कमोड खुर्च्या, घडीच्या व्हीलचेअर, वॉटरबेड, डोक्याकडून वर होणारे लोखंडी पलंग. टेबलावर एक लांबोडकी वही. नाव, पत्ता, वस्तू, अनामत, आणि शेवटी 'परत'. काही ठिकाणी नाममात्र भाडं घेतात, काही ठिकाणी तेही नाही. जनकल्याण समितीची अशी केंद्रं महाराष्ट्रात बऱ्याच गावांत आहेत. गुजराती आणि जैन न्यासांची, मंडळांची वेगळी.

त्या वहीतला शेवटचा रकाना मला फार महत्त्वाचा वाटतो. सरकारदरबारी याच कामाला 'वाटप' म्हणतात. मांडव, फलक, एका रांगेत मांडलेल्या एकाच मापाच्या खुर्च्या, लांबलेली भाषणं, आणि सकाळी नऊपासून आणून बसवलेली म्हातारी माणसं. वाटपाच्या नोंदीत सही किंवा अंगठा असतो, छायाचित्र असतं. 'परत' नसतं. त्यामुळे खुर्ची घरात शिरली का, पुढचं चाक कधी निखळलं, काठी आखूड पडली का, हे कुणाला कळायचा मार्गच राहत नाही.

योजना नाहीत असं मुळीच नाही. केंद्राची 'एडिप' १९८१ पासून चालू आहे. ४० टक्के अपंगत्वाचा दाखला आणि महिना २२,५०० रुपयांपर्यंत उत्पन्न असेल तर साधन मोफत, ३०,००० पर्यंत असेल तर निम्म्या किमतीत. 'राष्ट्रीय वयोश्री' १ एप्रिल २०१७ रोजी आंध्रातल्या नेल्लोरला सुरू झाली. वय ६०, आणि दारिद्र्यरेषेखालचं कार्ड किंवा महिना १५,००० च्या आतलं उत्पन्न. राज्याची 'मुख्यमंत्री वयोश्री' फेब्रुवारी २०२४ मधली. वय ६५, कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २ लाखांच्या आत, आणि वस्तूऐवजी ३,००० रुपये एकदाच थेट खात्यात. साहित्य विकत घेऊन ३० दिवसांत बिल दाखवायचं.

आता उदाहरणादाखल अंधेरीतली एक आजी घेऊ. वय ६३, गुडघे झिजलेले, मुलगा सुरक्षारक्षक, त्याचा पगार १८,०००. राष्ट्रीय वयोश्रीत घरचं उत्पन्न धरलं तर ते तीन हजारांनी जास्त. मुख्यमंत्री वयोश्रीत वय दोन वर्षांनी कमी. ते भरेपर्यंत थांबली तरी वर्षाचे २ लाख १६ हजार आडवे येणार. एडिपच्या उत्पन्नात ती आरामात बसते, पण तिथे दाखला लागतो, आणि झिजलेले गुडघे ४० टक्के भरतील याची खात्री कोण देणार? शिवाय दाखल्यासाठी रुग्णालयाचे जिने चढणं आलंच. मुळात ती स्वतःला अपंग समजतच नाही. 'वय झालं' म्हणते आणि भिंतीला धरून चालते.

वस्तूऐवजी पैसे द्यायची कल्पना मला वैयक्तिकरीत्या पटते; निवड माणसाच्या हाती राहते. पण ३,००० रुपयांत काठी येते, घडीचा वॉकर येतो, कमोड खुर्ची येते. धड व्हीलचेअर येत नाही आणि चांगलं डिजिटल श्रवणयंत्र तर नाहीच. आणि काय घ्यायचं, केवढ्या मापाचं घ्यायचं, हे सांगणारं माणूस त्या पैशांबरोबर येत नाही.

कानांची गोष्ट आणखी विचित्र आहे. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्यात ऐकू कमी येणारी व्यक्ती म्हणजे दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबल घट असलेली. जागतिक आरोग्य संघटना मात्र त्यातल्या त्यात बऱ्या कानात ३५ डेसिबलच्या पुढे घट गेली की पुनर्वसनाची गरज मोजते. म्हातारपणाचं बहिरेपण पुष्कळदा या दोन आकड्यांच्या मधेच येऊन थांबतं. नातवाचं बोलणं कळत नाही, आणि कायद्याच्या लेखी कान शाबूत.

माझ्या आईला आम्ही पदरच्या पैशांनी यंत्र आणलं. कानात बसवायच्या साच्यात फट राहिली होती, त्यामुळे यंत्र मधूनच शिटी वाजवायचं आणि आई कुकर बंद करायला उठायची. महिनाभरात ते देवघरातल्या खणात, उदबत्तीच्या पुड्याशेजारी जाऊन पडलं. दुकानदार प्रत्येक फेरीचे पैसे वेगळे घेत होता. नवा साचा करून, आवाजाची पट्टी दोनदा जुळवून घेतली तेव्हा कुठे ते कानात टिकलं. बटणाएवढे सेल आठवड्या-दोन आठवड्यांत संपतात हे घेताना कुणी बोललंही नव्हतं.

तपासणी, साचा, जुळवणी हे सगळं एकाच ठिकाणी करणारी संस्था उपनगरातच आहे : वांद्रे रेक्लमेशनची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था, १९८३ ची. हातापायांच्या साधनांसाठी हाजी अलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था, १९५५ ची. दोन्ही पश्चिम रेल्वेच्या अंगाला. भांडुप-मुलुंडच्या माणसाने लोकलने जायचं म्हटलं तर काठी मिळवायला आधी गाडी बदलताना दादरचा पूल चढायचा.

नसीमा हुरजूक यांच्या आत्मकथनाचं नाव 'चाकाची खुर्ची'. कोल्हापुरात १९८४ साली 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' उभी करणाऱ्या या बाईंनी व्हीलचेअरला मराठी वाचकाच्या घरात आणलं. खऱ्या घरात ती शिरताना मात्र दारात अडते. सरसकट मिळणाऱ्या खुर्चीची बैठक १८ इंचांची, बाहेरची चाकं धरून रुंदी २५-२६ इंच. झोपडपट्टी पुनर्वसनातलं घर आधी २२५ चौरस फुटांचं होतं, मग २६९, आता ३००. त्यातलं किंवा जुन्या इमारतीतलं न्हाणीघराचं दार दोन फुटांचं असेल, तर खुर्ची बाहेर आणि माणूस दोघांच्या हातांवर. घाटकोपरचं पंतनगर किंवा अंधेरीचं डी. एन. नगर इथल्या म्हाडाच्या जुन्या, लिफ्ट नसलेल्या इमारतींत दुसऱ्या मजल्यावरच्या माणसाची खुर्ची जिन्याखाली सायकलींशेजारी उभी राहते. वाटपाच्या यादीत ती मिळालेली असते.

जयपूर फूटची गोष्ट यासाठीच पुन्हा पाहण्यासारखी आहे. १९६८ च्या सुमारास रामचंद्र शर्मा या कारागिराने आणि डॉ. प्र. क. सेठी यांनी तो घडवला, तेव्हा परदेशी धाटणीच्या पायाने चालता येत होतं, पण उकिडवं बसता येत नव्हतं, मांडी घालता येत नव्हती, अनवाणी शेतात जाता येत नव्हतं. त्यांनी पायाच्या लांबीबरोबर माणसाच्या दिवसाचंही माप घेतलं. अलीकडे आयआयटी मद्रासमधून निघालेली 'निओफ्लाय' खुर्ची माणसाप्रमाणे १८ प्रकारे जुळवून देतात. किंमत अर्थातच साध्या खुर्चीच्या कितीतरी पट.

घाटकोपर स्थानकावर ११ जानेवारी २०१४ रोजी गाडी आणि फलाट यांच्यामधल्या पोकळीत पडून एका विद्यार्थिनीचे दोन्ही हात गेले. तिचं नाव तेव्हा घरोघरी पोचलं होतं. तिला विजेवर चालणारे कृत्रिम हात मिळाले, पुढे ऑगस्ट २०२० मध्ये परळच्या रुग्णालयात दोन्ही हातांचं प्रत्यारोपण झालं, आणि फलाटांची उंची वाढवण्याच्या कामाला त्या अपघाताने जोर आला. मुंबईच्या लोकलमार्गावर दरवर्षी दोन हजारांहून जास्त माणसं मरतात. तो आकडा छापून येतो. हात-पाय गमावून जगणारे 'जखमी' या एका शब्दात मावतात. त्यांच्यापैकी कुणाला पाय मिळाला, कुणाला तो टोचतो म्हणून काढून ठेवावा लागला, याची बातमी होत नाही.

दाराबाहेरचं थोडक्यात सांगतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये विराली मोदी या व्हीलचेअर वापरणाऱ्या कार्यकर्तीला विवाहनोंदणीसाठी खारच्या कार्यालयात उचलून दुसऱ्या मजल्यावर न्यावं लागलं, कारण लिफ्ट नव्हती. त्याच वर्षी पदपथांच्या तोंडाशी रोवलेल्या खांबांमधून व्हीलचेअर जात नाही, अशी एका तरुणाची ईमेल उच्च न्यायालयाने स्वतःहून याचिका म्हणून दाखल करून घेतली. मोटारसायकली पदपथावर चढू नयेत म्हणून लावलेले ते खांब! ८ जून २०१४ ला सुरू झालेल्या वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रोच्या स्थानकांत लिफ्ट आहेत, हे मान्यच. लिफ्टच्या दारापर्यंतचा रस्ता ज्याचा त्याने पार करायचा.

जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणे जगात २५० कोटींहून जास्त लोकांना निदान एक तरी सहायक साधन लागतं. काही गरीब देशांत गरजूंपैकी जेमतेम ३ टक्क्यांना ते मिळतं, श्रीमंत देशांत ९० टक्क्यांपर्यंत. आपल्या उपनगरांत हे दोन्ही देश एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना राहतात.

दुरुस्तीचं तर विचारूच नका. सरकारी योजनांतली बहुतेक साधनं कानपूरच्या 'अलिम्को'ची, १९७२ साली स्थापन झालेल्या सरकारी कंपनीची. एडिपमध्ये तेच साधन पुन्हा हवं तर प्रौढाने तीन वर्षं थांबायचं. मुंबईच्या खड्ड्यांत पुढचं छोटं चाक तेवढा धीर धरत नाही. पंक्चर सायकलवाला काढून देतो. बेअरिंग, ब्रेक, फाटलेली बैठक यांसाठी जायचं कुठे, हे कुठल्याच अर्जावर छापलेलं नसतं.

म्हणून पुन्हा त्या वहीकडे येतो. एका केंद्रात शनिवारी सकाळी बसलो होतो. तिथले काका आयुष्यभर कारखान्यात फिटर होते. परत आलेली प्रत्येक वस्तू ते आधी उलटी करून पाहतात. एका वॉकरच्या चार पायांपैकी एकाचंच रबर झिजलं होतं. "डाव्या अंगावर भार टाकत होते," एवढंच म्हणून त्यांनी डब्यातून नवं रबर काढलं. वहीत 'परत'समोर ते कारणही लिहितात. बरे झाले. गावी गेले. वारले. नवीन घेतला.

तेवढ्यात सुनेचा हात धरून एक आजी आल्या. काकांनी वॉकर लगेच दिला नाही.

"आजी, चप्पल घाला आधी. घालूनच चालणार ना? आता सरळ उभ्या राहा. हात सोडा."

वॉकरची मूठ आजींच्या मनगटाच्या बरीच वर येत होती. काकांनी खाली बसून एकेका पायाची कळ दाबली, नळी दोन भोकं आत सरकवली. चारदा टक् आवाज झाला. मग मूठ मनगटाशी आली का ते पाहिलं, आजींना भिंतीपर्यंत जाऊन परत यायला सांगितलं, आणि मगच वही उघडली.