गोळी, धूर आणि रक्ताचा तोल

बोट कापलं की काही मिनिटांत रक्त थांबतं. तेच रक्त रक्तवाहिनीतून मात्र आयुष्यभर न गोठता वाहत राहतं. गोठवणारी आणि गोठणं रोखणारी प्रथिनं सतत एकमेकांना धरून असतात, म्हणून हे जमतं. गर्भारपणात शरीर हा तोल मुद्दाम गोठण्याकडे झुकवतं. प्रसूतीत होणाऱ्या रक्तस्रावाची ती कितीतरी महिने आधी सुरू झालेली तयारी! शरीराच्या या दूरदृष्टीनं मी दरवेळी थक्क होते.

या तयारीमागे इस्ट्रोजेनचा मोठा हात असतो, आणि नेहमीच्या गर्भनिरोधक गोळीतही तेच असतं. माला-एन किंवा माला-डीच्या एका गोळीत ते जेमतेम 0.03 मिलिग्रॅम. एवढासा कण यकृतात पोचतो आणि यकृत फायब्रिनोजेनसारखी गोठवणारी प्रथिनं जास्त बनवू लागतं, रोखणारी कमी. 1961 साली ब्रिटनमधल्या डॉ. जॉर्डन यांनी गोळी घेणाऱ्या एका स्त्रीच्या फुप्फुसात झालेल्या गुठळीची माहिती ‘लॅन्सेट’मध्ये छापली. पुढे असे पुरावे वाढले, तशी इस्ट्रोजेनची मात्रा बरीच खाली आली. आज धूम्रपान न करणाऱ्या निरोगी तरुणीला गोळीपासून असलेला धोका फारच थोडा आहे. गर्भारपणात गुठळीचा धोका त्याहून जास्त असतो.

आता सिगारेटचा किंवा विडीचा धूर. त्याचा मारा दुसऱ्या बाजूनं होतो. रक्तवाहिनीचं आतलं नाजूक अस्तर रक्ताला चिकटू देत नाही. धूर नेमकं तेच दुखावतो. प्लेटलेट चिकट होतात, निकोटिननं वाहिन्या आकसतात, हृदयाचे ठोके वाढतात आणि कार्बन मोनॉक्साइड रक्तातली ऑक्सिजनची जागा बळकावतो. म्हणजे वाहिनीची भिंत खरवडलेली आणि तिच्यातून वाहणारं रक्त गोठायला उत्सुक.

ब्रिटनमधल्या जनरल प्रॅक्टिशनर डॉक्टरांनी 1968 पासून सुमारे 46,000 स्त्रियांची वर्षानुवर्षं नोंद ठेवली. त्यातून 1989 साली पुढे आलेलं चित्र विलक्षण होतं. धूम्रपान न करणाऱ्या स्त्रियांमध्ये गोळीमुळे हृदयविकाराच्या झटक्याचा धोका वाढलेला दिसला नाही. पण गोळी घेत असताना दिवसाला 15 किंवा जास्त सिगारेटी ओढणाऱ्यांमध्ये, दोन्हींपासून दूर असलेल्या स्त्रियांच्या तुलनेत, तो धोका सुमारे 20 पट निघाला. दोन धोक्यांची इथे बेरीज होत नाही, गुणाकार होतो.

वय वाढतं तशा धमन्याही थकतात. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार, पस्तिशीनंतर दिवसाला 15 किंवा अधिक सिगारेटी ओढणाऱ्या स्त्रीनं इस्ट्रोजेनची गोळी घेऊच नये. त्याहून कमी ओढणाऱ्यांनाही ती सहसा दिली जात नाही. त्यांच्यासाठी तांबी आहे, लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत शोधलेली, इस्ट्रोजेन नसलेली ‘छाया’ गोळी आहे. माझ्या मते बाईला गोळीची भीती घालण्यापेक्षा सिगारेट सोडायला मदत करावी. गोळी बदलली तरी धुरानं होणारं नुकसान थांबत नाही.

आपल्याकडे बाई धूम्रपान करते हे उघड बोललं जात नाही आणि गोळी तर औषधाच्या दुकानात सहज मिळते. म्हणून मैत्रिणींनो, गोळी सुरू करण्याआधी रक्तदाब मोजून घ्या आणि डॉक्टरांना विडी-सिगारेटचं खरं सांगा. गोळी चालू असताना एकाच पोटरीला सूज आली, छातीत दुखलं, अचानक दम लागला किंवा एका बाजूचा हातपाय लुळा पडला, तर घरी वाट बघत बसू नका, लगेच रुग्णालय गाठा.