गाड्यांविना घाट : पन्हाळा ते दाजीपूर

रविवारी पहाटे शिवाजी पुलावर उभे राहिले, तर पन्हाळ्याच्या दिशेने निघालेल्या सायकलस्वारांच्या लहान-मोठ्या तुकड्या दिसतात. कोणाजवळ अनेक गिअरची महागडी सायकल, तर कोणाजवळ शाळेच्या दिवसांतली साधी. सर्वांची घाई मात्र एकाच गोष्टीची असते. सूर्य वर येण्याआधी आणि पर्यटकांच्या गाड्यांची रांग सुरू होण्याआधी वाघबीळचा चढ संपवायचा. परतीच्या उतारावर त्यांची गाठ गाड्यांशी पडतेच. सायकलस्वाराला घाटात खरी भीती चढाची नसते. वळणावर ओव्हरटेक करणाऱ्या मोटारीची असते.

कोल्हापूरला निसर्गाने सायकलसाठी उत्तम भूगोल दिला आहे. शहरापासून वीस किलोमीटरवर पन्हाळा, जवळच जोतिबाचा डोंगर, पश्चिमेला मसाई पठार, दक्षिणेला राधानगरी-दाजीपूरचे अरण्य. या डोंगरांतून मोटारींपासून मुक्त असे सायकलमार्ग आखता येतील काय, आणि येत असतील तर कोणत्या अटींवर, हा प्रश्न केवळ हौशी मंडळींचा नाही. गडाच्या तटाशी, पठारावरील फुलांशी, अरण्यातील गव्यांशी आणि वाडी-वस्तीवरून शाळेला सायकलने येणाऱ्या मुलींशीही त्याचा संबंध आहे.

चढाचे गणित

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. डोंगरातील सायकलिंग म्हणजे केवळ तरुण खेळाडूंचे काम, असे मानले जाते. कोल्हापूर शहर आणि पन्हाळगड यांच्या उंचीत सुमारे ४०० मीटरचा फरक आहे. सत्तर किलो वजनाचा स्वार आणि पंधरा किलोची सायकल हे ओझे तेवढे उंच नेण्यासाठी सुमारे ३ लाख ३३ हजार ज्यूल ऊर्जा लागते. शंभर वॉट शक्तीने, म्हणजे छताच्या पंख्याला लागते त्याहून थोड्या अधिक शक्तीने, पायडल मारणारी व्यक्ती हे काम सुमारे पंचावन्न मिनिटांत करील. रस्त्याचे घर्षण आणि वारा यांसाठी थोडा वेळ अधिक धरावा. निरोगी, सराव असलेल्या मध्यमवयीन माणसाला हे अशक्य नाही.

अडचण असते ती गिअरची. पुढे ४४ आणि मागे १८ दाते असलेली जुनी साधी सायकल पायडलच्या एका फेरीत सुमारे साडेपाच मीटर पुढे जाते. सहा टक्के चढावर, म्हणजे शंभर मीटर अंतरात सहा मीटर उंची गाठणाऱ्या रस्त्यावर, मिनिटाला साठ फेऱ्या मारायच्या तर पावणेतीनशे वॉटच्या आसपास शक्ती हवी. ती सामान्य माणूस फार काळ देऊ शकत नाही. म्हणून तो उतरून सायकल ढकलतो. पुढे २२ आणि मागे ३४ दाते असलेल्या डोंगरी सायकलीची एका फेरीतील मजल दीड मीटरहूनही कमी. वेग ताशी पाच किलोमीटरवर येतो, पण काम सत्तर वॉटमध्ये भागते. या मंद वेगातच घाटातील धोक्याचे मूळ आहे. ताशी पाच किलोमीटरने चढणारा स्वार थोडासा डुलतच जातो. त्याला डावी-उजवीकडे हातभर मोकळी जागा लागते, आणि अरुंद घाटरस्त्यावर ती मोटारींच्या गर्दीत मिळत नाही. वाहनविरहित मार्गाचा खरा उपयोग इथे कळतो. तो चढ कमी करीत नाही. चढाला लागणारा वेळ निर्धोक करतो.

कोल्हापूरच्या रस्त्यांवर आणखी एक हंगामी धोका आहे. गळीत हंगामात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर रात्रंदिवस कारखान्यांकडे जात असतात. अनेकांना मागे दिवा वा परावर्तक नसतो. अंधारात निघणाऱ्या स्वाराने हिवाळ्यात हे विशेष ध्यानात ठेवावे.

इतरांनी काय केले?

इंग्लंडमधील पीक डिस्ट्रिक्ट हे ब्रिटनचे पहिले राष्ट्रीय उद्यान १९५१ मध्ये घोषित झाले. मँचेस्टर आणि शेफील्ड या औद्योगिक शहरांच्या मधोमध असलेला हा डोंगराळ मुलूख. तेथे बंद पडलेल्या रेल्वेमार्गांचे रूळ काढून सायकल व पादचारी मार्ग करण्यात आले. टिसिंग्टन ट्रेल १९७१ मध्ये खुला झाला. मॉन्सल ट्रेलवरील जुने बोगदे २०११ मध्ये सायकलींसाठी उघडण्यात आले. आगगाडीला तीव्र चढ चालत नाही. म्हणून डोंगराळ भागातही हे मार्ग सौम्य असतात आणि लहान मुले व वृद्धही त्यांवरून जातात.

कोल्हापूरला ही वाट उपलब्ध नाही. १८९१ मध्ये मिरजेहून आलेली रेल्वे कोल्हापुरातच थांबली. तिने सह्याद्री ओलांडला नाही. परंतु त्याच पीक डिस्ट्रिक्टमधील दुसरे उदाहरण आपल्याला अधिक जवळचे आहे. डरवेंट नदीच्या खोऱ्यात विसाव्या शतकाच्या आरंभी धरणे बांधण्यात आली. त्यांच्या काठाने जाणारा वरच्या भागातील रस्ता शनिवार-रविवारी व सुटीच्या दिवशी मोटारींना बंद असतो. पर्यटकांनी गाडी खाली लावावी आणि पायी किंवा भाड्याच्या सायकलीने पुढे जावे, अशी व्यवस्था आहे. नवा रस्ता बांधावा लागला नाही; असलेल्या रस्त्याचे वेळापत्रक तेवढे बदलले. त्याच सुमारास राजर्षी शाहू महाराजांच्या दूरदृष्टीतून भोगावतीवर राधानगरी धरणाचे काम सुरू झाले होते, हा योगायोग लक्षात घेण्याजोगा आहे.

कोलंबियाच्या बोगोटा शहरात १९७४ पासून रविवारी व सुटीच्या दिवशी सकाळी सात ते दुपारी दोनपर्यंत काही प्रमुख रस्ते मोटारींना बंद ठेवले जातात. आज हे जाळे शंभर किलोमीटरहून अधिक लांबीचे आहे. इथेही खर्च बांधकामाचा नाही, शिस्तीचा आहे.

महाराष्ट्रातही उदाहरणे आहेत. माथेरानला मोटारी दस्तुरी नाक्यावर थांबतात. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात भाड्याच्या सायकली मिळतात आणि कान्हेरी लेण्यांच्या वाटेवर कुटुंबेच्या कुटुंबे त्या चालविताना दिसतात. आणि खुद्द कोल्हापूरकरांना वाहने पायथ्याशी थांबविण्याची सवय नाही असेही नाही. जोतिबाच्या चैत्र यात्रेत लाखो भाविक डोंगरावर येतात, तेव्हा वाहतूक वळविली जाते आणि वाहनतळ खाली ठेवले जातात. देवासाठी जे वर्षातून एकदा करता येते, ते डोंगरासाठी आठवड्यातून एकदा का करता येऊ नये?

पन्हाळा : तासांची बंदी

पन्हाळ्याच्या तटाचा घेर सुमारे सव्वासात किलोमीटर आहे. आत चार दरवाजा, सज्जाकोठी, अंबरखाना, तीन दरवाजा, अंधारबाव, पुसाटी बुरूज अशी ठिकाणे एकमेकांपासून सायकलच्या दहा मिनिटांच्या अंतरात आहेत. जुलै २०२५ मध्ये ‘भारतातील मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने बारा किल्ल्यांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. पन्हाळा त्यांपैकी एक. गर्दी वाढणार, हे उघड आहे.

गडावर पूर्ण वाहनबंदी मात्र शक्य नाही आणि न्याय्यही नाही. हा निर्जन किल्ला नव्हे. येथे गिरिस्थान नगरपरिषद आहे, तालुक्याची कार्यालये आहेत, शाळा आहेत आणि पिढ्यान्‌पिढ्या राहणारी कुटुंबे आहेत. आजाऱ्याला दवाखान्यात नेणारी गाडी, एसटी, दूध-भाजीचा टेम्पो यांना अडविणारी योजना पहिल्याच आठवड्यात कोसळेल. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत गडाचा मुख्य रस्ता खचला, तेव्हा वाहनबंदी सक्तीने अनुभवास आली. रहिवाशांची गैरसोय आणि पर्यटनावर पोट असणाऱ्यांची कोंडी सर्वांनी पाहिली. त्याच वेळी कड्यावर टेकलेला हा एकच रस्ता किती नाजूक आहे, हेही दिसले.

म्हणून विचार व्हावा तो तासांच्या बंदीचा. रविवारी पहाटेपासून सकाळी नऊपर्यंत पर्यटकांच्या मोटारी खाली थांबवाव्यात. रहिवासी, एसटी आणि रुग्णवाहिका यांना मुभा असावी. यासाठी नवा कायदा लागत नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ११५ नुसार सार्वजनिक सुरक्षितता किंवा सोय यांसाठी ठरावीक रस्त्यावर मोटारींना मनाई करण्याचा अधिकार शासनाला व त्याने नेमलेल्या प्राधिकाऱ्याला आहे. मनाई एक महिन्यापेक्षा अधिक काळाची नसेल, तर राजपत्रातील अधिसूचनाही आवश्यक नसते. स्थानिक प्रसिद्धी पुरते. एक महिना प्रयोग करून पाहण्याची सोय कायद्यानेच ठेवली आहे, असे म्हणता येईल.

मसाई पठार : सायकललाही मर्यादा

पन्हाळ्याच्या पश्चिमेला मसाई पठार पसरले आहे. जुलै १६६० मध्ये शिवछत्रपती पन्हाळ्याच्या वेढ्यातून निसटून विशाळगडाकडे गेले, तो मार्ग या पठारावरूनच जातो असे मानले जाते, आणि दर पावसाळ्यात शेकडो पदभ्रमणप्रेमी त्यावरून पावनखिंडीकडे जातात. मोटारींचा कलकलाट नसलेले मैदान पाहून सायकलस्वाराला मोह होतो. इथे मात्र मोह आवरावा लागतो.

पठार जांभ्या दगडाचे आहे. वरवर उजाड दिसणाऱ्या या सड्यावर मातीचा थर काही ठिकाणी बोटभरच असतो. पावसाळ्यात त्यातच इवल्या वनस्पती उगवतात, फुलतात, बी धरतात आणि काही आठवड्यांत नाहीशा होतात. पाणी साचलेल्या उथळ डबक्यांत बेडूक व अन्य जीवांचे संसार चालतात. एकदा उमटलेल्या चाकोरीतून पाणी वाहू लागले, की तो बोटभर थर धुऊन जातो, आणि तो पुन्हा साचायला पिढ्या लागतात. जीपच्या चाकाने हे लवकर होते, सायकलच्या चाकाने थोडे उशिरा, एवढाच फरक. म्हणून पावसाळ्यात पठारावर सायकल नेऊच नये. इतर काळातही रुळलेली गाडीवाट सोडू नये. स्वतःच्या सुरक्षिततेसाठीही हेच हितावह. शेवाळलेला ओला जांभा आणि सुट्या खडीचा कोरडा जांभा, दोन्हींवर चाक घसरते.

दाजीपूर : शांततेचा धोका

१९५८ मध्ये दाजीपूरचे रान गव्यांसाठी राखीव झाले. १९८५ मध्ये अभयारण्याचा विस्तार ३५१ चौरस किलोमीटरपर्यंत झाला, आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटातील जागतिक वारसा स्थळांत राधानगरीला स्थान मिळाले. अरण्यातून सड्यांकडे जाणारे कच्चे रस्ते आहेत. पावसाळ्यात अरण्य पर्यटकांना बंद असते. उघडल्यानंतर या रस्त्यांवर जीपऐवजी सायकली का नसाव्यात, असा प्रश्न विचारला जातो.

उत्तर सरळ नाही. धूर आणि आवाज टळतो, हे खरे. परंतु सायकलची नीरवता हीच अरण्यात तिची अडचण आहे. जीप लांबून ऐकू येते आणि गवे आधीच बाजूला होतात. उतारावरून वळण घेऊन अचानक समोर आलेला सायकलस्वार गव्याला बेसावध गाठतो. पूर्ण वाढलेला नर गवा टनाच्या घरात वजनाचा असतो. बिथरला तर स्वाराभोवती लोखंडी पत्राही नसतो. त्यामुळे पहाट-संध्याकाळ टाळणे, गटाने जाणे, सोबत वनविभागाचा मार्गदर्शक असणे आणि वळणावर घंटी वाजविणे, या अटींशिवाय अशी फेरी होऊ नये. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ प्रमाणे अभयारण्यात प्रवेशासाठी परवानगी लागतेच. आडवाटेने सायकल आत घालणे हे साहस नसून गुन्हा आहे.

अभयारण्याच्या बाहेर, धरणाच्या परिसरातील आणि वाड्यांना जोडणाऱ्या कमी रहदारीच्या रस्त्यांवर मात्र डरवेंटसारखा प्रयोग करण्यास वाव आहे. सायकली भाड्याने देणे, दुरुस्ती, न्याहारी, मुक्काम ही कामे तेथील तरुणांच्या हाती राहिली, तरच गावे या योजनेला आपली म्हणतील. बाहेरून आलेल्यांच्या आरोग्यासाठी गावाचा रस्ता अडविला, अशी भावना झाली तर फलक आणि अडथळे टिकणार नाहीत.

उतारावर जपून

मार्ग मोकळा असला, तरी उतार क्षमा करीत नाही. ब्रेक सतत दाबून धरल्यास रबर व रिम तापतात आणि पकड सैल होते. दोन्ही ब्रेक थोडे दाबावे, सोडावे, पुन्हा दाबावे. वेग वळणाच्या आधी कमी करावा, वळणात नव्हे. हेल्मेट चढताना गैरसोयीचे वाटते म्हणून पिशवीत ठेवले, तर निदान उतरताना डोक्यावर असावे. पुढचा आणि मागचा दिवा, एक जादा ट्यूब, पंप आणि पुरेसे पाणी सोबत हवे.

एवढे सारे पाहता, कोल्हापूरच्या डोंगरांत नवे सिमेंटचे सायकलमार्ग बांधण्याची निकड दिसत नाही. रस्ते आहेत. कोणत्या रस्त्यावर, कोणत्या दिवशी, किती तास मोटारीने थांबायचे आणि कोणत्या पठारावर सायकलनेही थांबायचे, एवढे ठरविणे बाकी आहे. पन्हाळ्याचे चार-पाच रविवार त्यासाठी पुरेसे आहेत. प्रयोग फसला तर सोमवारी रस्ता पूर्ववत सुरू असेलच. साधला, तर पहाटे शिवाजी पुलावरून निघणाऱ्या तुकड्यांत लहान मुले आणि त्यांचे आजी-आजोबाही दिसू लागतील.