डोंगराचे ओझे

वाईच्या घाटावर उभे राहून सभोवार पाहावे. पांडवगड, वैराटगड, पाचगणीचे पठार. बहुतेक डोंगर माथ्याला सपाट आणि अंगाला पायऱ्यापायऱ्यांचे. हा सारा मुलूख ज्वालामुखीच्या रसाचा आहे, असे शाळेत शिकवतात. मग चित्रात दिसतो तसा उंच निमुळता सुळका येथे का नाही? हा प्रश्न आम्हांला एका हमालबंधूने विचारला होता. आम्ही कॉलेजची पायरी चढलेलो नाही. आमचे शिक्षण बाजारपेठेत आणि रात्री दिव्याखाली उघडलेल्या पुस्तकांत झाले. तेव्हा उत्तराची सुरुवातही बाजारातूनच करतो.

हळदीच्या पोत्यांची थप्पी ज्यांनी लावली आहे, त्यांना ठाऊक आहे की ती हवी तितकी उंच नेता येत नाही. खालची पोती दबतात, बाजूला फुगतात आणि एके क्षणी थप्पी ढासळते. उंची हवी तर पाया रुंद धरावा लागतो. हा कायदा कोणी सभेत मंजूर केलेला नाही. तो पृथ्वीच्या ओढीचा, म्हणजे गुरुत्वाकर्षणाचा आहे, आणि ज्वालामुखीलाही तो चुकलेला नाही. पोटातली आग माल वर आणून टाकते. त्या मालाला आकार देण्यात मोठा वाटा त्याच्या वजनाचा असतो.

आता गुऱ्हाळावर चला. काहिलीतला पाक पातळ असतानाच वाफ्यात ओतला, तर तो आपोआप पसरून सपाट होतो. घट्ट झाल्यावर ओतला तर जागीच ढीग होऊन बसतो. खडकाच्या रसाचेही तसेच आहे. सिलिका जास्त असलेला रस चिकट असतो. तो तोंडाशीच साचतो आणि उभ्या अंगाचा डोंगर रचतो. पण उभे अंग पेलणे कठीण. अमेरिकेतील सेंट हेलेन्स या पर्वताची बाजू आतून रेटा बसून फुगली होती. १८ मे १९८० रोजी एका भूकंपाबरोबर ती सारी बाजूच खाली घसरली आणि आत कोंडलेला स्फोट मोकळा झाला.

आपल्याकडचा रस त्या मानाने पातळ. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी तो मुख्यतः जमिनीच्या लांब भेगांतून वर आला आणि उताराच्या वाटेने वाहत गेला. एकावर एक थर बसले. कठीण थर टिकले, सच्छिद्र थर झिजले, म्हणून पायऱ्या झाल्या. या थरांच्या एका मोठ्या समूहाला भूशास्त्रज्ञांनी आपल्या गावाचेच नाव दिले आहे: ‘वाई उपगट’. आंबेनळी आणि महाबळेश्वर येथील थर त्यातलेच. त्यांच्याशी घडणीने जुळणारा खडक थेट आंध्रात राजमहेंद्रीजवळ सापडतो. जुन्या नद्यांच्या खोऱ्यांतून हा रस तेथवर, म्हणजे सुमारे हजार किलोमीटर, वाहत गेला असे अभ्यासकांचे मत आहे. आपली कृष्णामाई याच डोंगरांतून निघून पूर्व समुद्राला मिळते; तिच्या कितीतरी आधी हा तप्त रस त्याच दिशेने गेला होता. ओढ मात्र एकच.

पातळ रसाचाही डोंगर होतो, पण तो पालथ्या ढालीसारखा. हवाई बेटावरील मौना लोआ समुद्रसपाटीपासून ४,१६९ मीटर उंच आहे आणि समुद्राच्या तळापासून मोजला तर सुमारे ९ किलोमीटर. या भाराने खालचा समुद्रतळच आणखी सुमारे ८ किलोमीटर खचला आहे. म्हणजे डोंगर जेवढा वर दिसतो, जवळजवळ तेवढाच खाली रुतलेला. शिवाय तो कडेनेही पसरतो. शेजारच्या किलाउएआ ज्वालामुखीची दक्षिण बाजू दर वर्षी काही सेंटिमीटर समुद्राकडे सरकत आहे. २९ नोव्हेंबर १९७५ रोजी ती एकाएकी हलली, मोठा भूकंप झाला आणि किनारा काही ठिकाणी ३ मीटरहून अधिक खाली गेला. उलट मंगळावर ओढ पृथ्वीच्या सुमारे तीन अष्टमांश आणि कवच जाड. म्हणूनच तेथला ऑलिंपस मॉन्स सुमारे २२ किलोमीटर उंचीचा भार पेलून उभा आहे.

यावर कोणी म्हणेल, आपला ज्वालामुखी विझून कोट्यवधी वर्षे झाली, आता या हिशेबाचे आपल्याला काय? आग विझली, पण ओझे गेले नाही. सह्याद्रीचे कडे झिजतात, माथ्यावर व उतारावर खडक कुजून माती होते. पावसाळ्यात ही माती पाणी पिऊन जड होते, आणि आतल्या पाण्याचा दाब कणांची एकमेकांवरची पकड सैल करतो. मग जी ओढ रसाला दरीत घेऊन गेली, तीच मातीला खाली नेते. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातले माळीण असेच गाडले गेले; दीडशेवर माणसे गेली. जुलै २०२१ मध्ये महाडजवळचे तळिये, पाटण तालुक्यातले आंबेघर व मिरगाव आणि आपल्याच तालुक्यातली देवरुखवाडी यांवर दरड आली.

डोंगराच्या पायथ्याशी घर कोण बांधतो? ज्याला दुसरीकडे जमीन नाही तो. म्हणून हा विषय केवळ विद्वानांचा नव्हे. उताराचा पाया तोडून रस्ता वा घर काढणे म्हणजे थप्पीचे खालचे पोते ओढणे होय. पावसाळ्यात वरच्या जमिनीला नव्या भेगा पडल्या, झाडे कलली, झऱ्याचे पाणी एकदम गढूळ झाले, तर रात्रीची वाट न पाहता माणसे हलवावीत, आणि ती कोठे राहतील याची सोय ग्रामपंचायतीने व सरकारने पावसाळ्याआधीच करून ठेवावी.

हमालाच्या पाठीवर किती ओझे द्यावे, याचा हिशेब मांडायला आम्ही आयुष्य घातले. डोंगराच्या उताराचाही तसाच हिशेब दर वर्षी मृग लागण्यापूर्वी गावाने एकत्र बसून मांडावा, एवढेच आमचे मागणे आहे.